पवित्र प्रतिमा आणि आजची कला : अजिंठ्याच्या दाराशी राहणाऱ्या खानदेशात

वाघूरकाठ, जळगाव

जळगावहून फर्दापूरमार्गे अजिंठा फार दूर नाही. सकाळी निघालेला माणूस लेणी पाहून दिवेलागणीला घरी परततो. इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्या भागात बुद्ध, बोधिसत्त्व, देवी, गणपती यांच्या प्रतिमांवरून आज जी चित्रे आणि शिल्पे घडतात, त्यांच्याबद्दल सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझे म्हणणे बरेचसे वर्गातून आणि इथल्या प्रदर्शनांतून आलेले आहे.

सध्या सर्वत्र दिसतो तो चेहरा. हॉटेलच्या दर्शनी भागात, सलूनमध्ये, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात फायबरचे बुद्धमस्तक असते, नाहीतर कॅनव्हासवर सोनेरी रंगातला अर्धा चेहरा, मिटलेले डोळे आणि मागे पिंपळाचे पान. गणपतीचेही तेच झाले आहे. चार-पाच फटकाऱ्यांत सोंड आणि कान काढले की चित्र पूर्ण झाले असे मानले जाते. ही चित्रे विकली जातात, लोकांना आवडतात आणि ती काढणाऱ्यांचे घर त्यांवर चालते, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु त्यांना ‘अजिंठ्यापासून प्रेरित’ म्हटले जाते तेव्हा मला ते पटत नाही. पवित्र प्रतिमा कशासाठी तरी घडवलेली असते. ती भिक्षूला ध्यानाला बसवते, भक्ताला समोर उभे करते, गावाला एकत्र आणते, मृत्यूकडे पाहायला शिकवते. ते कार्य समजून घेऊन आजच्या साधनांनी पुन्हा करून पाहणे, याला मी प्रेरणा म्हणतो, आणि नुसता चेहरा उचलल्याने ते साधत नाही.

अजिंठ्यातच याचा मोठा पुरावा आहे, आणि आपण तो वाटेत पाहून पुढे जातो. नववे आणि दहावे लेणे इसवी सनापूर्वीच्या शतकांतले आहे. दहाव्यातला स्तूप साधा आहे. त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. त्या काळी स्तूप, बोधिवृक्ष, पावले, रिकामे आसन यांतून बुद्धाचे असणे सुचवले जात असे. तिथून एकोणिसाव्या लेण्यात या. ते पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले मानले जाते. तिथे स्तूपाच्या पुढच्या अंगावर उभा बुद्ध कोरलेला आहे, आणि सव्विसाव्या लेण्यात तोच पाय खाली सोडून बसलेला दिसतो. एका डोंगराच्या कड्यात आपण चिन्हाकडून देहाकडे चालत जातो. ज्या परंपरेने स्वतःची प्रतिमा इतकी बदलली, तिच्यापासून प्रेरणा घेणाऱ्याने पुन्हा उलट, देहाकडून चिन्हाकडे गेले तर ते परंपरेच्या बाहेरचे ठरत नाही. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर झेन विचारांचा प्रभाव होता आणि त्यांच्या प्रौढ काळातल्या कॅनव्हासवर कोणतीही आकृती नाही. त्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर दहाव्या लेण्यातल्या स्तूपासमोर जी स्तब्धता येते तिच्याशी मला नाते जाणवते, आणि सोनेरी बुद्धमुखासमोर ते मुळीच जाणवत नाही.

देशाबाहेरची दोन उदाहरणे सांगतो. कोरियात जन्मलेले नाम जून पाइक यांनी 1974 मध्ये एक जुनी बुद्धमूर्ती दूरचित्रवाणी संचासमोर बसवली आणि कॅमेऱ्याने त्या मूर्तीचीच प्रतिमा त्या पडद्यावर आणली. बुद्ध स्वतःकडे पाहत बसला आहे. हे आत्मपरीक्षण म्हणायचे की यंत्राचा मोह, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. चीनचे झांग हुआन यांनी 2007 मध्ये शांघायच्या मंदिरांतून गोळा केलेल्या उदबत्तीच्या राखेचा मोठा बुद्ध केला, आणि ज्या ॲल्युमिनियमच्या साच्यातून तो काढला तो साचा त्याच्यासमोर ठेवला. राख हळूहळू ढासळत जाते. असंख्य लोकांच्या प्रार्थनांची ती राख आहे, आणि अनित्यता तिथे कुणी समजावून सांगत नाही, ती डोळ्यांदेखत घडते.

आता आपल्या घरचे. यंदा अजिंठ्याहून परतल्यावर मी मुलांना स्वतंत्र चित्र करायला सांगितले. बहुतेकांनी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा काढला आणि चांगला काढला. एका मुलीने मात्र कमळ धरलेला हात तेवढा काढला. मनगटाचा बाक आणि बोटांची नाजूक पकड तिने बारकाईने टिपली, आणि त्याभोवती जिथे मूळ भिंतीवरचा गिलावा गळून पडला आहे तो भाग मातकट, खरबरीत, रंगाशिवाय ठेवला. कागदाचा अर्ध्याहून अधिक भाग त्या पडझडीने व्यापला होता. प्रदर्शनात आलेले अनेकजण विचारत होते की चेहरा कुठे आहे, आणि एका जाणत्या गृहस्थांनी चित्र अपुरे असल्याचे सांगितले. माझ्या मते त्या दालनातले सर्वांत पूर्ण चित्र तेच होते. तुम्हाला काय वाटते?

प्रज्ञा, भुसावळ

सर, धागा काढलात हे फार बरे केले. मी कलेची विद्यार्थिनी नाही, पण बौद्ध घरात वाढले आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे मांडते.

पहिली गोष्ट बुद्धमस्तकाची. धड नसलेले डोके ही शोभेची कल्पना कुठून आली याचा विचार फार कमी लोक करतात. आशियातल्या अनेक प्राचीन मूर्तींची डोकी तोडून ती संग्राहकांच्या बाजारात गेली, कारण पूर्ण मूर्तीपेक्षा डोके न्यायला सोपे असते. त्या तोडलेल्या डोक्यांची पुढे सवय झाली आणि आता तसेच डोके मुद्दाम घडवून आपण कोनाड्यात ठेवतो. ज्यांच्यासाठी बुद्ध हा शास्ता आहे, मार्ग दाखवणारा माणूस आहे, त्यांना ते पाहताना काय होत असेल? घरातल्या वंदनेच्या जागी आम्ही पूर्ण मूर्ती ठेवतो किंवा पूर्ण चित्र लावतो, आणि शेजारी बाबासाहेब असतात. हे दोन चेहरे शेजारी असणे हीदेखील आधुनिक काळात घडलेली प्रतिमारचना आहे, आणि ती कोणत्याही दालनात नव्हे, वस्त्यांतल्या विहारांत घडली.

दुसरी गोष्ट. बौद्ध आणि हिंदू प्रतिमा एकाच दमात बोलल्या जातात तेव्हा जपून बोलावे. 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे एखादा चित्रकार बुद्धाला दशावतारांच्या ओळीत बसवतो तेव्हा तो केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही. नागपूरचे सवी सावरकर यांची चित्रे या संदर्भात पाहायला हवीत. देवदासी, गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य, पुरोहित अशा आकृती त्यांनी जाड, भेदक रेषेत मांडल्या. धार्मिक प्रतिमांच्या जगातून कोणाला बाहेर ठेवले गेले, हे ती चित्रे दाखवतात. प्रेरणा आदरातूनच येते असे नाही, ती जाब विचारण्यातूनही येते, आणि तुमच्या मांडणीत या दुसऱ्या प्रेरणेला अधिक जागा हवी असे मला वाटते.

तुमच्या विद्यार्थिनीच्या चित्राबद्दल मात्र पूर्ण सहमत आहे, आणि त्याचे कारण आमच्या गावात आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर भुसावळला आहे. 1844 मध्ये त्यांची या कामासाठी नेमणूक झाली, अनेक वर्षे ते तिथे राबले, आणि त्यांची बहुतेक चित्रे 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही अनेक 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. भिंतीवरचे मूळ झडते आहे आणि नक्कल जळते आहे, असा हा इतिहास आहे. त्या मुलीने झडलेला भाग चित्राचा भाग मानला, म्हणजे तिने अजिंठा आज जसा आहे तसा पाहिला.

अनंता मूर्तिकार, धुळे

आमच्या घरात तीन पिढ्या मूर्तिकाम चालते, त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. राग मानू नये.

मूर्ती प्रमाणात असावी लागते. शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, एका तालाची बारा अंगुळे, आणि कोणत्या देवतेला किती ताल हे ठरलेले असते. उत्तम दशताल मूर्तीची उंची दहा तालांहून चार अंगुळे जास्त, म्हणजे 124 अंगुळे धरतात. हे सगळे आजचा प्रत्येक मूर्तिकार मोजून करतो असे मी म्हणणार नाही. गणपतीच्या हंगामात रबराच्या साच्यातून मूर्ती निघतात आणि प्रमाण साच्यातच बसलेले असते. परंतु हाताला ते माहीत असते. मांडी घातलेल्या मूर्तीचा गुडघा दोन बोटे जरी वर गेला तरी मूर्ती अस्वस्थ दिसते, आणि ते आमच्या मूर्तिशाळेतल्या लहान पोरालाही कळते. ज्याला प्रमाण येत नाही तो प्रमाण मोडू शकत नाही, त्याच्याकडून ते नुसते चुकते. आजच्या पुष्कळ चित्रांत मला मोडलेले प्रमाण दिसत नाही, चुकलेले दिसते.

दुसरे डोळ्यांचे. रंगकामात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती घरातला जाणता माणूस करतो. आखणीच्या आधी आम्ही मूर्ती आडवी धरतो, तिच्यावर कापड टाकतो, कोपऱ्यात सरकवतो. आखणी झाली की तिला पाठ करून कोणी बसत नाही, आणि हे कुणी शिकवावे लागत नाही. प्राणप्रतिष्ठा तर पुढे घरी गेल्यावर व्हायची असते. मिटलेल्या डोळ्यांचा सोनेरी बुद्ध सगळीकडे का चालतो, याचे एक कारण मला हेच वाटते की तो आपल्याकडे पाहत नाही. त्याच्यासमोर माणूस काहीही करू शकतो.

तेव्हा सरांना माझा प्रश्न असा आहे की, प्रतिमेचे कार्य समजून घ्या असे तुम्ही म्हणता, पण ते कार्य मंत्राने, नैवेद्याने, हातांच्या सवयीने होत असते. दालनाच्या पांढऱ्या भिंतीवर ते कसे होणार?

वाघूरकाठ, जळगाव

अनंताभाऊ, राग कसला, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

दालनात पूजा होत नाही आणि व्हावी असेही मी म्हणत नाही. परंतु मूर्तीचा काही भाग पूजेवाचूनही काम करतो. महिषासुरमर्दिनी घ्या. वेरूळच्या कैलास लेण्यात देवी सिंहावर बसून चाल करून येते आणि समोर महिषासुर उभा आहे. तिथे युद्ध ऐन भरात आहे. चित्रकार तय्यब मेहता यांनी नव्वदीच्या दशकात याच विषयावर चित्रे केली. त्यांत सपाट, मोठे रंगाचे पट्टे आहेत, आणि देवीचा देह व रेड्याचा देह एकमेकांत असे गुंतलेले आहेत की कोणता हात कोणाचा हे शोधावे लागते. मारणारी आणि मरणारा एका आकारात बांधले गेले आहेत. तिथे शास्त्रातला ताल नाही, परंतु तिरपा तोल इतका अचूक आहे की एक रेषा हलवली तर सगळे कोसळेल. तुम्ही म्हणता तसे प्रमाण हाताला माहीत असलेला माणूस ते मोडतो आहे, हे मला तिथे दिसते. वध हाच उद्धार, ही आपल्या पुराणकथेतली गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. ती आकारात कशी दिसेल हे मला त्या चित्रांनी दाखवले.

प्रज्ञाताई, जाब विचारण्याची प्रेरणा माझ्या मांडणीत कमी पडली हे तुमचे निरीक्षण रास्त आहे, आणि सावरकरांची चित्रे मी आता वर्गात दाखवणार आहे. अजिंठ्याच्या रंगाबद्दल एक भर घालतो. तिथल्या चित्रांवर 1920 च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी लाखेच्या रोगणाचा थर दिला होता, आणि तो काळानुसार पिवळा पडला. पुढे पुरातत्त्व खात्याला तो काढण्यासाठी फार परिश्रम घ्यावे लागले. आज बाजारातल्या बुद्धचित्रांत जो उबदार पिवळसर-तपकिरी रंग ‘अजिंठ्याचा’ म्हणून वापरला जातो, त्यातला काही भाग त्या रोगणाची देणगी आहे. मूळ रंगांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना होता आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानाकडून आलेला लाजवर्द हा निळा दगड होता. सतराव्या लेण्यात नीट पाहिले तर तो निळा आणि तो हिरवा अजूनही भेटतो.

पाटणादेवीचा वाटसरू, चाळीसगाव

अजिंठ्याचेच बोलणे चालले आहे, म्हणून आमच्या बाजूचे पितळखोरे आठवून देतो. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या रांगेत, पाटण्याच्या जंगलाच्या वरच्या अंगाला ती लेणी आहेत आणि तीही इसवी सनापूर्वीची आहेत. तिथे सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून डोक्यावर वाडगे धरलेला आणि तोंडभर हसणारा असा तो आहे. गळ्यातल्या आणि दंडावरच्या दागिन्यांचे काम इतके बारीक आहे की छिन्नीचे वाटत नाही. त्याच्या हातावर लेख कोरलेला आहे आणि त्यात घडवणाऱ्याचे नाव आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. सोन्याच्या कामात मुरलेल्या हाताने बसाल्टाचा यक्ष घडवला, हे सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावच्या लोकांनी तरी विसरू नये. आपल्याकडे प्राचीन शिल्पावर घडवणाऱ्याची सही फार क्वचित मिळते, आणि ती मिळते ती आपल्या उंबरठ्यावर.

आता याला जोडून नवे उदाहरण. दिल्लीतल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांनी घडवलेले भव्य यक्ष-यक्षी आहेत. यक्ष परखमच्या प्राचीन यक्षावरून आणि यक्षी बेसनगरच्या यक्षीवरून घेतली आहे, पण यक्षाच्या एका हातात यंत्राचे दातेरी चाक आणि दुसऱ्या हातात पैशाची थैली दिली आहे, तर यक्षीच्या हातात फूल आणि धान्य आहे. धनाचा राखणदार ही यक्षाची जुनी जबाबदारी, आणि ती नव्या देशाच्या बँकेच्या दारात त्याला पुन्हा दिली गेली. सर ज्याला कार्य म्हणतात ते इथे अगदी स्पष्ट दिसते. त्या यक्षीच्या उघड्या देहाबद्दल त्या वेळी संसदेतही विचारणा झाली होती, आणि तरीही मूर्ती तिथेच राहिली.

तापीतीर, रावेर

मी रोज सकाळी पूजा करणारा माणूस आहे आणि वरचे सगळे वाचून माझ्या मनात जे आले ते लिहितो.

अनंताभाऊंनी डोळ्यांचे जे लिहिले ते मला सर्वांत जवळचे वाटले. आम्ही दर्शनाला जातो म्हणजे देवाला पाहायला जातो आणि देवाने आपल्याला पाहावे म्हणूनही जातो. चित्रकाराने देवाची प्रतिमा घेऊन काही वेगळे मांडले की पाहणाऱ्यांपैकी काहींसाठी तो विचार असतो, पण माझ्यासारख्यासाठी ते कोणाच्या तरी आईच्या चित्राशी केलेले काम असते. नवेपणाला माझा विरोध नाही. माझ्या देवघरातली लक्ष्मी राजा रविवर्म्याच्या छापाची आहे, माझ्या आजोबांनी घेतलेली, आणि तीही एके काळी नवीच होती. घरात मुळगावकरांची दिनदर्शिकेवरची चित्रेही फ्रेम करून लावलेली आहेत. पण त्या चित्रकारांनी प्रतिमा भक्ताच्या हाती दिली. आजचा चित्रकार ती भक्ताच्या हातून काढून घेतो असे मला पुष्कळदा वाटते. कलावंताला स्वातंत्र्य आहे हे मान्य, पण आमच्या दुखण्याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारू नये.

प्रज्ञा, भुसावळ

काका, तुमच्या दुखण्याला इथे कुणी अडाणीपणा म्हणणार नाही. तुम्ही लक्ष्मीचे उदाहरण दिले म्हणून एका कलाकृतीबद्दल सांगते, आणि तुम्हाला ती काढून घेतल्यासारखी वाटते का ते कळवा.

मुंबईचे अतुल डोडिया यांनी दुकानांना असते तसल्या लोखंडी शटरवर 2002 मध्ये महालक्ष्मी रंगवली. बाहेरून पाहिले तर छापील चित्रातली, कमळावरची, प्रसन्न लक्ष्मी दिसते, कोणत्याही दुकानदाराच्या भिंतीवर शोभावी अशी. शटर वर सरकवले की आत दुसरे चित्र आहे: हुंड्याच्या विवंचनेपायी एकाच वेळी गळफास घेतलेल्या कानपूरच्या तीन बहिणी. ती खरी घटना होती. घरात लक्ष्मी आली असे आपण मुलीच्या जन्माला म्हणतो, आणि त्याच घरात पैशापायी मुलींचे हे होते. त्या कलाकृतीत लक्ष्मीला कुठेही उणे केलेले नाही, तिला रंगवण्यात प्रेमच दिसते. मान खाली जाते ती आपली.

मी त्या प्रतिमेची पूजा करत नाही, तरीही मला असे वाटते की तिथे लक्ष्मी पाहणाऱ्याकडे पाहते आहे.

तापीतीर, रावेर

प्रज्ञाताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. हे काढून घेणे नाही. लक्ष्मीच्या नावाने आपण काय करतो हे तिच्याच समोर उभे करून विचारले आहे. माझ्या दोन नातींना मी हे सांगेन. परंतु अशी कलाकृती आणि केवळ बातमीत येण्यासाठी देवाला विचित्र वेश चढवणारी कलाकृती, यांतला फरक सामान्य माणसाने ओळखावा कसा, हा प्रश्न माझ्याकडे उरतोच. रावेरात दालन नाही, समजावून सांगणारा कोणी नाही. आमच्यापर्यंत येतो तो मोबाइलवरचा फोटो आणि त्याखालचा आरडाओरडा.

आखाजीची लेक, अमळनेर

तापीतीर काकांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. दालन नाही हे खरे, पण खानदेशातल्या बायका दरवर्षी प्रतिमा घडवतात आणि तिचे काय करायचे हे त्यांना नीट माहीत असते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळ हीच देवी. त्याला डोळे, नाक, ओठ येतात, नथ येते, गळ्यात दागिने येतात, चौरंगावर तिची स्थापना होते, रोट होतात, रात्रभर अहिराणीत गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या घरी नारळाला चेहरा देण्याचे काम मोठ्या काकूंकडे आहे. त्या आधी नारळ हातात फिरवून फिरवून पाहतात, त्याचा कोणता अंग पुढे घ्यायचा ते ठरवतात, आणि मग कुंकवाने कपाळ भरतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई असते, तिच्यासोबत झोके आणि माहेरची गाणी असतात. वाघूरकाठ सरांनी दहाव्या लेण्यातल्या स्तूपाबद्दल लिहिले, मूर्तीशिवायच्या खुणेबद्दल, तेव्हा मला कानबाई आठवली. गोल, साधी वस्तू आणि तिच्यावर आपण दिलेला चेहरा. खूण आणि देह दोन्ही तिथे एकत्र आहेत, आणि दोन दिवसांत ते सगळे आवरलेही जाते. झांग हुआन यांची राखेची मूर्ती वाचून आमच्या घरातल्या कुणालाही आश्चर्य वाटणार नाही.

दुसरे असे की हे आपल्या भागात कुणी ओळखलेच नाही असे नाही. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावले. हेच नंदलाल बोस तरुणपणी, 1909 च्या सुमारास, इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्याच्या नकला करायला आले होते. अजिंठ्याच्या रेषेवर हात बसलेला एवढा मोठा चित्रकार फैजपुरात आला आणि त्याने पद्मपाणीचे मोठमोठे फलक लावले नाहीत. बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून नगर सजवले. अजिंठ्याकडून त्याने काय घेतले असेल तर जागेला आणि माणसांना शोभेल असे काम करण्याची वृत्ती, असे मला वाटते. फैजपूर रावेरापासून किती लांब आहे, काका?

आमच्या कलाशिक्षणात मात्र कानबाई कुठेच नाही. मुलींना वारली काढायला शिकवतात, मधुबनी शिकवतात, आणि त्या चांगल्याच आहेत. पण घरातल्या नारळाचा चेहरा हा अभ्यासाचा विषय आहे असे त्यांना कुणी सांगत नाही.

अनंता मूर्तिकार, धुळे

ताई, नारळ फिरवून अंग ठरवण्याचे वाचून बरे वाटले. आम्ही दगड घेतानाही तेच करतो. तुमच्या काकूंना प्रमाण येते, त्यांनी ते अंगुळांत मोजलेले नाही एवढेच.

वाघूरकाठ, जळगाव

आखाजीची लेक यांच्या प्रतिसादाने या चर्चेला मला हवी होती त्यापेक्षा चांगली दिशा मिळाली. पुढच्या सत्रात काय करायचे ते मी त्यावरून ठरवले आहे आणि इथे मांडतो, म्हणजे तुम्ही सूचना करू शकाल.

मुलांना श्रावणात कानबाई घडताना पाहायला पाठवायचे, फोटो काढायला नव्हे, तर घरच्यांची परवानगी घेऊन शेजारी बसून रेखाटने करायला. ज्या घरांत वंदना होते तिथल्या मुलांनी आपल्या घरातल्या प्रतिमांची मांडणी अभ्यासायची: कोणते चित्र कुठे आहे, का आहे, कधीपासून आहे. प्रज्ञाताई, या भागात तुमची मदत लागेल, कारण काय विचारावे आणि काय विचारू नये हे तुम्हाला अधिक कळते. मग अजिंठ्याला जायचे आणि पहिल्या लेण्याऐवजी नवव्या-दहाव्यापासून सुरुवात करायची. त्यानंतरच स्वतंत्र काम. अंतिम चित्रात कोणत्याही देवतेचा चेहरा काढायचा नाही असा नियम करावा, असेही मनात आले होते, पण तो नियम मी करणार नाही. ज्याला चेहऱ्याची खरोखर गरज आहे त्याने तो काढावा, फक्त तो कोणाकडे पाहतो आहे हे त्याला सांगता आले पाहिजे.

तापीतीर काका, दालन नसण्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते अगदी खरे आहे. या वेळचे प्रदर्शन जळगावात न भरवता रावेर, अमळनेर आणि भुसावळ येथे शाळेच्या किंवा विहाराच्या सभागृहात फिरते ठेवावे, आणि प्रत्येक चित्राशेजारी ते काढणारा मुलगा किंवा मुलगी उभी असावी, असा विचार आहे. फरक कसा ओळखावा या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही: काढणाऱ्याला समोरासमोर विचारायचे.

एक तांत्रिक अडचण आहे. काही मुलांना कागदाऐवजी मातीच्या गिलाव्यावर काम करायचे आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात माती, वाळू, भाताचे तूस, वनस्पतींचे धागे आणि वर चुन्याचा पातळ हात होता, आणि रंग सुक्या पृष्ठभागावर सरसासारख्या बंधकात दिला होता, एवढे ठाऊक आहे. पण फळीवर केलेला आमचा गिलावा वाळताना फाटतो. अनंताभाऊ, काही सुचवाल का?

अनंता मूर्तिकार, धुळे

सर, काळी माती वापरत असाल तर ती फाटणारच, आपली कपाशीची माती वाळली की आकसते. धाब्याच्या घरांना लागते ती पांढरी घ्या, चाळून घ्या, आणि तूस घालून आठवडाभर ओली ठेवून कुजू द्या. रोज पायाने किंवा हाताने मळत राहा. फळीला आधी काथ्या खिळ्यांनी आडवा-उभा ताणून घ्या, म्हणजे मातीला धरायला जागा मिळेल. पहिला थर करंगळीएवढा, तो सावलीत पूर्ण वाळला की भेगा त्याच मातीच्या पातळ राबडीने भरा, आणि मगच दुसरा थर द्या. त्यात तूस नको, बारीक वाळू जास्त घाला. उन्हात अजिबात ठेवू नका. चुना किमान महिनाभर भिजवलेला हवा. आमच्याकडे भिजत घातलेला आहे, धुळ्याला कोणाला पाठवलेत तर डबा भरून देतो.